चाकणच्या एका कारखान्यातली मुलाखत : शॉप फ्लोअरला साडेचार तारे, निरोपाला शून्य

आधी निकाल सांगते, मग हकीगत. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथे सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मी पहिल्या फोनपासून एचआर राउंडपर्यंत सगळे टप्पे पार केले. प्लांट उत्तम. ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं ते गृहस्थ उत्तम. कँटीनचा चहा बरा. पण मुलाखतीनंतर उमेदवाराला काही कळवायचं असतं, ही पद्धतच तिथे नाही. घेतलं नाही, नाकारलं नाही, थांबा असंही कुणी सांगितलं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तशी गत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बदनामी व्हायची ती एचआरमधल्या दोन पोरींची, आणि खरा दोष त्यांचा नाही असं माझं मत आहे. तसंही निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे या पट्ट्यात मुलाखती दिलेल्या पाच जणांनी हे वाचलं तर पाचही जणांना पाच वेगळ्या कंपन्या आठवतील.

माझ्याबद्दल थोडंसं, म्हणजे कुठल्या चष्म्यातून बघतेय ते कळेल. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग भोसरीत मशिनिंगच्या कंपनीत क्वालिटी विभाग, बरीच वर्षं. इनकमिंग, इनप्रोसेस, फायनल इन्स्पेक्शन, ग्राहकाच्या तक्रारी, सगळं करून झालंय. राहायला मोशीला. मुलगा दुसरीत, त्याची शाळेची ने-आण सासूबाई करतात, त्यामुळे कामाची पाळी आणि कंपनीची बस या दोन गोष्टींवर माझी नोकरी ठरते. पगार तिसऱ्या नंबरला. हे घरी सगळ्यांना माहीत आहे, मुलाखत घेणाऱ्यांना मात्र दरवेळी नवीन असतं.

सुरुवात कन्सल्टन्सीच्या फोनने झाली. "मॅडम, तुमची प्रोफाइल एकदम मॅच होतेय, अर्जंट रिक्वायरमेंट आहे." मागोमाग वॉट्सअॅपवर जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, आला. आयएटीएफ 16949, पीपीएपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी, कस्टमर कम्प्लेंट हँडलिंग, सप्लायर ऑडिट. थोडक्यात, दर्जा राखायच्या जेवढ्या पद्धती तेवढ्या सगळ्या, अख्खा क्वालिटी विभाग एका माणसात. काय नव्हतं ते सांगते. पगाराचा अंदाज नव्हता. पाळ्या कशा ते नव्हतं. जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय म्हणून भरायची आहे, तेही नव्हतं. मी दोनच प्रश्न विचारले : रात्रपाळी आहे का, आणि मोशीकडून कंपनीची बस आहे का? "ते एचआर राउंडला क्लिअर होईल मॅडम. तुम्ही आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवून द्या."

इथे एक गोष्ट नव्या मुलांसाठी सांगून ठेवते. कन्सल्टन्सीवाल्याला पैसे कंपनी देते, आणि बहुतेक ठिकाणी उमेदवाराच्या वर्षाच्या सीटीसीच्या (एकूण पगारखर्चाच्या) 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तेही उमेदवार कामावर हजर झाल्यावर. तुम्ही हजर होण्याची शक्यता जिवंत असेपर्यंत तो तुम्हाला दिवसातून दोनदा फोन करेल. ती शक्यता मावळली की तुमचा नंबर त्याच्या दृष्टीने रद्दी. "नाही" सांगण्याचे त्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून तो ते सांगत नाही. वाईट माणूस असतो असं नाही, त्याचा धंदाच तसा बांधलेला आहे.

ऑनलाइन राउंडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिंक ऐनवेळी आली, समोरचे साहेब उशिरा आले, कॅमेरा बंद. माझा बायोडेटा त्यांनी उघडलेलाच नव्हता हे पहिल्याच प्रश्नात कळलं. सीपीके आणि पीपीकेत (माल ठरलेल्या मापात किती बसतो ते सांगणाऱ्या दोन आकड्यांत) फरक काय, जीआर अँड आर (मोजण्यातच होणारी चूक) किती टक्क्यांपर्यंत चालतं, असं थोडं पाठ्यपुस्तकातलं विचारून झालं. मी सांगितलं, दहाच्या आत चांगलं, तीसच्या वर नापास, मधलं परिस्थिती बघून. "ओके, एचआर कळवेल." त्या वेळी एचआरने खरंच लगेच कळवलं, कारण पुढचा राउंड घ्यायचा होता. काम त्यांचं असेल तेव्हा निरोप धावत येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

प्लांटला बोलावलं गुरुवारी. भोसरीत आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून मी मुद्दाम तोच वार मागून घेतला होता. बुधवारी संध्याकाळी मेसेज : "मॅम, सर उद्या कस्टमरकडे आहेत, पुढच्या मंगळवारी या." ठीक आहे, क्वालिटीच्या माणसाला ग्राहकाने बोलावलं तर जावंच लागतं, मी स्वतः कितीदा गेलेय. पण मंगळवार म्हणजे माझी रजा गेली. त्यात आमच्याकडे त्याच आठवड्यात ऑडिट. काय कारण सांगून ती रजा काढली ते इथे लिहीत नाही, आमचे साहेब वाचत असतील.

मोशीहून इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा करत चाकणला जाणं सकाळच्या वेळी काय असतं ते जाणाऱ्यांना सांगायला नको. न जाणाऱ्यांना सांगून पटणार नाही. मी वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर होते. गेटवर माझं नाव नव्हतं. वॉचमन काका भले होते, त्यांनी आत फोन लावला, कुणी उचलेना, मग स्वतःच्या जबाबदारीवर सावलीत खुर्ची दिली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, व्हिजिटर पास, पायात सेफ्टी शूज. बुटांचा माझ्या मापाचा जोड त्यांच्याकडे नव्हता. बाई मुलाखतीला शॉप फ्लोअरवर येईल हे कुणाच्या गावी नसतं, त्यामुळे मी माझे बूट पिशवीतून नेते.

आता चांगला भाग, आणि तो मन लावून लिहिणार आहे, कारण तोच नसता तर मी हे लिहायलाही बसले नसते.

क्वालिटी हेड पन्नाशीचे असतील. केबिनमध्ये बसवलंच नाही, सरळ लाइनवर घेऊन गेले. चालता चालता बोलणं. सीएमएम रूममध्ये (सुटे भाग अचूक मोजायच्या यंत्राच्या खोलीत) तापमानाची नोंद बघितली, रोजच्या रोज लिहिलेली. रेड बिनला (नापास माल टाकायच्या लाल पेटीला) कुलूप होतं आणि किल्ली क्वालिटीकडे होती. हे वाचून हसू नका. रेड बिन सगळीकडे असतो, कुलूप फार थोड्या ठिकाणी असतं. भिंतीवर तक्रारींचा बोर्ड : ग्राहकाची तक्रार आली की 24 तासांत कंटेनमेंटचं (खराब माल पुढे जाऊ नये म्हणून काय केलं त्याचं) उत्तर गेलं पाहिजे, तारखेसकट, जबाबदार व्यक्तीच्या नावासकट. आणि तो बोर्ड भरलेला होता, नुसता टांगलेला नव्हता.

मग त्यांनी एक जुना एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत लिहायचा अहवाल) हातात दिला. ग्राहकाचं आणि पार्टचं नाव झाकलेलं. "मॅडम, दहा मिनिटं घ्या आणि सांगा यात काय चुकलंय." तक्रार अशी होती की शाफ्टवरच्या सर्क्लिपच्या (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीच्या) खाचेची रुंदी कमी, ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सर्क्लिप बसेना. डी-थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीत, शंभर टक्के सॉर्टिंग. डी-फोर, मूळ कारण : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. डी-फाइव्ह, उपाय : ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. ट्रेनिंगच्या हजेरीपटाचा फोटो जोडलेला, सही झोकात.

मी म्हटलं, सर, इथे माणसाचं नाव लिहिलंय, कारण लिहिलेलं नाही. खाच अरुंद झाली ती टूलमुळे. ग्रूव्हिंग इन्सर्ट (खाच पाडणारं पातं) कडेने झिजला की खाच तेवढी अरुंद येते, मग इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा हे कुठे लिहिलंय? आणि अरुंद खाच तपासणीत सुटली कशी? गो गेज (खाच पुरेशी रुंद आहे का ते तपासायचं माप) अडकायला हवा होता. तो आत गेला, याचा अर्थ गेजच झिजून बारीक झालेला. शेवटच्या पानावर गेजचा फोटो होता, पुरावा म्हणून लावलेला. त्यावरच्या स्टिकरवर कॅलिब्रेशनची मुदत तक्रारीच्या आधीच संपलेली दिसत होती. मी बोट ठेवलं. ते हसले. म्हणाले, "एट-डी लिहिणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत मॅडम, वाचणारं माणूस पाहिजे."

त्यानंतर आम्ही एफएमईएवर (काय बिघडू शकतं आणि त्यावर उपाय काय, याच्या तक्त्यावर) भांडलो, म्हणजे छान भांडलो. 2019 च्या नव्या हँडबुकनंतर आरपीएनच्या (धोका किती त्याच्या आकड्याच्या) जागी अॅक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं ते सांगणारी श्रेणी) आली, पण काही ग्राहक अजून आरपीएनचाच आकडा मागतात. मग दोन्ही ठेवायचे का? त्यांचं म्हणणं ठेवायचे. माझं म्हणणं, एकाच पानावर दोन पद्धती ठेवल्या की लोक सोयीची बघतात. पटलं नाही त्यांना, पण ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत कामावर अशा गप्पा मारायला मिळालेलं मुलाखतीचं ठिकाण हे एकच. निघताना म्हणाले, "माझ्याकडून हो आहे. एचआर पुढचं बघेल, सोमवारपर्यंत कळेल."

एचआर राउंड त्याच दिवशी, वरच्या मजल्यावर. सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड. आमचा साठ दिवसांचा. "बायआउट होईल का? आम्हाला अर्जंट आहे." म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येईल का. लग्न झालंय का, मूल किती, अजून प्लॅनिंग आहे का, हे तीन प्रश्न एका दमात. यातला तिसरा मी ऐकलाच नाही असं दाखवलं. मग मी माझे दोन प्रश्न विचारले, पाळी आणि बस. "अॅडमिनला विचारून सांगते मॅम." कागदांची यादी मात्र पाठ होती : फॉर्म 16, यूएएनची (पीएफच्या नंबरची) सर्व्हिस हिस्टरी, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आधार, पॅन. त्या दिवशी रात्री सगळं पाठवलं. शेवटी एक वाक्य त्यांनी म्हटलं, ते शब्दश: देते : "दुसरीकडे कमिट करू नका हं मॅम, ऑफर दोन दिवसांत येईल."

आणि मग काहीच नाही.

सोमवार गेला. मी मंगळवारी एक सभ्य मेसेज टाकला. "अपडेट देते मॅम" आणि हात जोडलेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. या वेळी नुसते हात जोडलेले, अक्षर नाही. त्यानंतर निळ्या टिका. त्यानंतर निळ्याही नाहीत, करड्या. कन्सल्टन्सीवाल्याकडे फीडबॅक कायम "एकदम पॉझिटिव्ह" आणि अप्रूव्हल कायम "मॅनेजमेंटकडे". कंपनीच्या लँडलाइनला फोन केला तर ऑपरेटरने एचआरला जोडला, तो वाजून वाजून पुन्हा ऑपरेटरकडेच परत आला, असं दोन वेळा झाल्यावर ऑपरेटरबाईच म्हणाल्या, "ताई, मेल टाका." मेल टाकला. दरम्यान जॉब पोर्टलवर तीच जागा, तोच जेडी, आजच्या तारखेने पुन्हा झळकला. नवरा म्हणाला, आता सोड. तो बरोबर होता, पण "माझ्याकडून हो आहे" हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

ज्याने हे भोगलं नसेल त्याला वाटेल, नसेल घ्यायचं त्यांना, त्यात काय एवढं. अहो, घेऊ नका ना. मला नकाराचं वावडं नाही. याच काळात तळवड्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी मुलाखत दिली होती. पत्र्याची शेड, मालक स्वतः मुलाखत घेणारे, चहा त्यांनी स्वतः ओतून दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मेसेज : तुमचा अनुभव चांगला आहे, पण आम्हाला डाय कास्टिंग केलेलं माणूस हवं आहे, म्हणून दुसऱ्या उमेदवाराला घेतोय, वेळ दिल्याबद्दल आभार. बस. मी त्याच रात्री निवांत झोपले आणि सकाळी पुढच्या दोन ठिकाणी अर्ज टाकले. त्या मालकांकडे ना एचआर विभाग, ना सॉफ्टवेअर, ना भिंतीवर मूल्यांची पाटी. त्यांना लागली ती दोन मिनिटं.

निरोप न येण्याची किंमत उमेदवाराकडे कशी साठत जाते बघा. तुमच्याकडे दुसरी ऑफर येते, तिला उत्तराची मुदत असते. साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस द्यायची असते, म्हणजे आज राजीनामा दिला तर नवी नोकरी दोन-तीन महिन्यांनी. मुलाच्या शाळेच्या बसचे पैसे सहामाहीचे भरायचे असतात. सध्याच्या कंपनीत अप्रेझलचा फॉर्म समोर असतो. भरताना पुढच्या वर्षाची उद्दिष्टं लिहायची की नाही, हेही ठरत नाही. आणि एवढ्यात तिकडचे कुणी तरी तुमच्या साहेबांना ओळखणारं निघालं तर वेगळीच पंचाईत. भोसरी-चाकण हे एकच गाव आहे.

मला तशी दुसरी ऑफर आली. तिला शुक्रवारपर्यंत मुदत होती. मी चाकणच्या एचआरना मेल केला, कन्सल्टन्सीला प्रत : माझ्याकडे ऑफर आहे, शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तुमचा निर्णय हो किंवा नाही, जो असेल तो कळवा, नाही असलं तरी काही हरकत नाही. यापेक्षा सोपी मराठी मला येत नाही. शुक्रवार दुपार आली, गेली. मी ती ऑफर घेतली आणि राजीनामा टाकला. नव्या ठिकाणी जनरल शिफ्ट आहे, बस भोसरीच्या चौकातून सुटते, आणि या दोन्ही गोष्टी त्यांनी ऑफर लेटरसोबत लिहून दिल्या.

नोटीस पिरियड अर्धा झाला असेल नसेल तेव्हा कन्सल्टन्सीवाल्याचा फोन. उत्साह तोच. "मॅडम, गुड न्यूज! होल्ड सुटला. तुमचं सिलेक्शन झालंय. कधी जॉइन करताय?" मी सांगितलं, मी दुसरीकडे होकार दिलाय. पलीकडे दोन क्षण शांतता. मग अत्यंत दुखावलेल्या सुरात : "मॅडम, असं असतं तर तुम्ही आधी कळवायला पाहिजे होतं ना."

मी फोन ठेवून इतकी हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायला आल्या.

खरी गंमत पुढे. मोशीच्या प्रदर्शन केंद्रात मशीन टूल्सचं प्रदर्शन होतं, तिथे मोजमापाच्या उपकरणांच्या एका स्टॉलवर ते क्वालिटी हेड सर भेटले. मीच ओळख दिली. त्यांचा चेहरा जरा पडला. म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात ना मॅडम, पगारावरून? मला तसं सांगितलं गेलं." मी मोबाइल काढून शुक्रवारचा मेल दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग चहाच्या स्टॉलपर्यंत चालता चालता जे सांगितलं ते असं : जागा नवी नव्हती, कुणी सोडून गेलं होतं, म्हणून त्यांनी मनुष्यबळाची मागणी टाकली होती. ती मंजूर व्हायच्या आधीच मुलाखती सुरू केल्या, कारण मंजुरी आली की हाताशी माणूस पाहिजे. तेवढ्यात एका ग्राहकाचं शेड्यूल घसरलं आणि हेड ऑफिसने सगळ्या भरत्या थांबवल्या. माझ्याशी बोलणारी एचआरमधली मुलगी त्याच सुमारास नोकरी सोडून गेली. माझं सगळं बोलणं तिच्या फोनवर होतं, तो नंबर तिच्याबरोबर गेला. तिच्या जागी आलेल्या मुलीला माझं नाव एका एक्सेल शीटमध्ये मिळालं, शेरा : "उमेदवाराकडून प्रतिसाद नाही".

उमेदवाराकडून! मी सरांना म्हटलं, सर, हा तर तोच एट-डी आहे, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. ते मोठ्याने हसले, पण लाजलेही.

म्हणून मी त्या मुलीला दोष देत नाही. तिच्याकडे एका वेळी किती जागा असतील देव जाणे, आणि नाही सांगायचा अधिकार तिला नव्हताच. तिला हो सांगता येत नव्हतं कारण मंजुरी नाही, नाही सांगता येत नव्हतं कारण मंजुरी आली तर मीच हवी होते. आणि "मंजुरी अडकली आहे, कधी सुटेल माहीत नाही, तुम्ही तुमचं बघा" हे खरं वाक्य तिने लिहिलं असतं तर तिच्या साहेबांनी तिला झापलं असतं, कारण मी हातची गेले असते. बहुतेक मोठ्या कंपन्यांतली शांतता या एवढ्याच कारणाने असते. दुसरं कारण बॅकअप. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर जाते, त्याची नोटीस नव्वद दिवसांची, तो खरंच येईल याची खात्री नाही. तोवर दुसऱ्या नंबरच्याला झुलवत ठेवायचं. दुसऱ्या नंबरवर मी पण असेन कुठे कुठे, मला कुणी सांगितलं तर मी काही रडणार नाही.

उमेदवारही काही धुतल्या तांदळाचे नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. ऑफर लेटर घेऊन तेच दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेणारे, हजर व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणारे आमच्याच विभागात मी पाहिलेत. आमच्या एचआरच्या मॅडम अशा दिवशी दुपारपर्यंत टेबल-खुर्ची लावून वाट बघत बसायच्या. पण एक फरक आहे. न आलेल्या उमेदवाराचं नाव कंपनी लिहून ठेवते, पुढच्या वेळी दारात उभं करत नाही. न कळवणाऱ्या कंपनीचं उमेदवार काय वाकडं करणार? फार तर असं काही लिहिणार.

माझा आतेभाऊ कॅनडात ऑंटारिओमध्ये असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे आता याचा नियमच झालाय. 1 जानेवारी 2026 पासून तिथे 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवावं लागतं. म्हणजे तिकडेही हाच त्रास असणार, त्याशिवाय का कायदा करायची वेळ आली. 45 दिवस मला जास्तच वाटतात, पण शेवट कुठे आहे हे तरी माणसाला कळतं.

कागदपत्रांचं राहिलंच. माझं बँक स्टेटमेंट, फॉर्म 16, आधार अजून त्यांच्याकडे कुठेतरी पडलंय. ते पुसून टाका म्हणून मी मेल केला, तर तो परत आला : हा पत्ता आता वापरात नाही. मग सरांना फोन करून सांगितलं, त्यांनी नव्या एचआरना सांगितलंय म्हणे. बघू.

या कंपनीत, किंवा अशा कुठल्याही कंपनीत, मुलाखतीला जाणार असाल तर पहिल्याच फोनवर विचारा : जागा मंजूर झालेली आहे का, की मंजुरी यायची आहे? प्रश्न ऐकून समोरचा अडखळला तर उत्तर मिळालं. बँक स्टेटमेंट आणि फॉर्म 16 ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय देऊ नका. आधी मागितलंच तर सॅलरी स्लिप दाखवा, आणि आधार शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड पाठवा. पाळी, बस, रिपोर्टिंग कुणाला, हे तोंडी ऐकून सोडू नका, मेलवर मागा. ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांचा नंबर प्लांटमध्येच मागून घ्या. मी तो प्रदर्शनात घेतला, तोवर उशीर झाला होता. आणि कुणी "दुसरीकडे कमिट करू नका" म्हणालं तर हसून मान हलवा आणि दुसरीकडची मुलाखत देऊन या.

क्वालिटीत काही शिकायचं असेल आणि त्या सरांच्या विभागात जागा निघाली, तर मात्र जरूर जा. कुलूप लावलेला रेड बिन बघायला तरी जा. फक्त गुरुवारची सुट्टी असेल तर तारीख त्याच दिवसाची घ्या, बुधवारी संध्याकाळी एकदा फोन करून खात्री करून घ्या, आणि बूट स्वतःचे न्या.